अतिविशाल प्रवासी विमानाचे अवतरण : डोळा, अंक आणि शब्द

१. प्रश्नाचे स्वरूप

नागपूरच्या आग्नेयेस, उमरेडच्या पलीकडे, मिरचीसाठी ख्यातनाम असलेले भिवापूर वसले आहे. नागपूरच्या विमानतळापासून त्याचे सरळ रेषेतील अंतर पंचावन्न ते साठ किलोमीटर भरते. या विमानतळाच्या धावपट्टीच्या दोन टोकांना १४ व ३२ असे अंक दिलेले आहेत. त्यांपैकी ३२ हा अंक होकायंत्राच्या सुमारे ३२० अंशांच्या दिशेचा संक्षेप होय. म्हणजे या टोकाकडून उतरणाऱ्या विमानाचे तोंड वायव्येस असते आणि ते आग्नेयेकडून, उमरेड-भिवापूरच्या बाजूने, खाली येते. उतरण्याची सर्वमान्य वाट जमिनीशी तीन अंशांचा कोन करते. एक किलोमीटर पुढे जाताना सुमारे ५२ मीटर खाली येणे, असा तिचा हिशेब आहे. हीच वाट मागे भिवापूरच्या अंतरापर्यंत वाढविली, तर तेथे ती जमिनीपासून सुमारे तीन किलोमीटर उंच भरेल. ज्या विमानाचे प्रवासी नागपूरला उतरण्याच्या तयारीत असतात, ते भिवापूरच्या रहिवाशाला अद्याप केवळ आकाशातील एक ठिपका असते.

या ठिपक्याकडे, किंवा धावपट्टीजवळ आलेल्या विमानाकडे, पाहणाऱ्यास एक गोष्ट हटकून जाणवते. विमान जितके मोठे तितके ते संथ भासते. अतिविशाल जेट विमान तर हवेत टांगल्यासारखे दिसते. हा भास निराधार नाही. हलत्या वस्तूचा वेग डोळा नकळत त्या वस्तूच्या लांबीने मोजतो. सुमारे २० मीटर लांबीचे जुने डाकोटा विमान सेकंदाला ४० मीटर वेगाने उतरत असेल, तर ते एका सेकंदात आपल्या लांबीच्या दुप्पट अंतर कापते. सुमारे ७३ मीटर लांबीचे एअरबस ए-३८० सेकंदाला ७१ मीटर वेगाने उतरते, म्हणजे एका सेकंदात जेमतेम आपल्या लांबीइतके पुढे सरकते. प्रत्यक्ष वेग पावणेदोनपट असूनही डोळ्याला तो निम्मा वाटतो.

प्रेक्षकाची ही फसवणूक निरुपद्रवी आहे. वैमानिकाची तशी नसते. आकार वाढला म्हणजे विमान चालविण्यास अवघड होते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः बलांचा प्रश्न अभियंत्यांनी पुष्कळ अंशी सोडविलेला आहे. आकारवाढीने खरोखर बिघडतो तो मनुष्याच्या इंद्रियांचा आणि यंत्राचा परस्परसंबंध. डोळ्याने, कानाने आणि शरीराच्या तोलाने जे कळत असे ते अतिविशाल विमानात कळेनासे होते, आणि त्याची जागा मोजलेला अंक व उच्चारलेला शब्द घेतात. म्हणूनच हा विषय विमानविद्येइतकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे. प्रस्तुत लेखात प्रथम अवतरणाचे यांत्रिक स्वरूप पाहावयाचे असून, नंतर त्यातील अंक व शब्द यांच्या कार्याचा विचार करावयाचा आहे.

२. वजन आणि वेग

नागपूरला मोठ्या विमानांची ओळख जुनी आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या वाटेने परत जात. त्या सेवेतील डाकोटा विमानाचे भारासह वजन ११ ते १२ टन असे. त्याच नागपुरात मिहान येथे बोइंगच्या साह्याने उभ्या राहिलेल्या देखभाल-केंद्रात ७७७ जातीची विमाने आणली गेली आहेत; त्यांतील लांब प्रकाराला उतरताना सुमारे २५० टनांपर्यंत वजनाची मुभा असते. ए-३८० साठी ही मर्यादा ३९० टनांच्या आसपास जाते.

इतके जड विमान त्या मानाने अतिशय वेगात उतरत असेल, ही अपेक्षा स्वाभाविक असली तरी चुकीची आहे. उतरण्याचा वेग एकूण वजनावर ठरत नाही; पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर किती भार पडतो यावर तो ठरतो. ए-३८० च्या पंखांचे क्षेत्रफळ ८४५ चौरस मीटर आहे. ३९० टन वजनाला हा भार चौरस मीटरमागे सुमारे ४६० किलो होतो. बोइंग ७४७-४०० हे त्याहून लहान विमान असूनही, सुमारे २८५ टन वजनाने उतरताना त्याच्या पंखांवर चौरस मीटरमागे ५२० किलोंहून अधिक भार असतो. म्हणून मोठे ए-३८० हे लहान ७४७ पेक्षा काहीशा कमी वेगाने, ताशी सुमारे २५५ ते २६० किलोमीटरांनी, उतरू शकते. याशिवाय पंखांच्या मागील कडेला बाहेर सरकणारे फ्लॅप वेग कमी झाला तरी विमानाला तोलून धरतात. तात्पर्य, वजन आणि वेग यांचा मेळ घालता येतो. ज्याचा मेळ सहजासहजी घालता येत नाही, त्या गोष्टी पुढीलप्रमाणे आहेत.

३. डोळा आणि चाक

लहान विमानात वैमानिक चाकांच्या जवळपास बसलेला असतो. आपण कोठे आहोत हे त्याला कळले, की विमान कोठे आहे हेही कळते. ७४७ मध्ये ही एकात्मता भंगते. विमान जमिनीवर उभे असता वैमानिकाचे डोळे सुमारे पावणेनऊ मीटर उंचीवर असतात आणि मुख्य चाके त्याच्या मागे सुमारे तीस मीटर अंतरावर. खाली येताना विमानाचे नाक थोडे वर उचललेले असते. हा कोन तीन अंशांचा धरला तर डोळा चाकांपेक्षा सुमारे दहा मीटर वर जातो.

याचा परिणाम साध्या भूमितीने काढता येतो. वैमानिकाने धावपट्टीवरील एका बिंदूवर नजर ठेवून तीन अंशांच्या उतारावर विमान आणले आणि शेवटपर्यंत काहीच बदल केला नाही, अशी कल्पना करावी. ज्या क्षणी चाके जमिनीला लागतील त्या क्षणी डोळा दहा मीटर उंचीवर असेल, म्हणजे नजरेच्या बिंदूपासून सुमारे १९० मीटर अलीकडे. आणि चाके त्याच्याही तीस मीटर मागे. अर्थात चाके टेकतात ती नजर असते त्या जागेच्या सुमारे सव्वादोनशे मीटर अलीकडे. मध्यम आकाराच्या जेट विमानात हेच अंतर ११० मीटरांच्या घरात असते. लहान विमानाच्या सवयीने कोणी धावपट्टीच्या अगदी आरंभावर नजर रोखली, तर विशाल विमानाची चाके धावपट्टीवर न पडता तिच्या अलीकडील मातीत पडतील. म्हणून वैमानिकाला धावपट्टीवर आत आखलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर नजर ठेवावी लागते आणि दृष्टीपेक्षा रेडिओच्या किरणमार्गावर व दिव्यांच्या संकेतांवर भिस्त ठेवावी लागते.

उंच डोळ्याचा दुसरा दोष जमिनीवर प्रकट होतो. रस्ता जितका खाली तितका तो मागे सरकण्याचा भास मंद. त्यामुळे विशाल विमान जमिनीवरून चालविताना वेग आहे त्यापेक्षा कमी वाटतो आणि वळणावर अतिवेगाचा धोका उत्पन्न होतो. शिवाय नाकाचे चाक वैमानिकाच्या मागे असल्याने, वळणाची रेषा स्वतः ओलांडून पुढे गेल्यावाचून त्याला वळता येत नाही. ७४७ ची निर्मिती चालू असताना बोइंग कंपनीने केवळ या सवयीसाठी एक विलक्षण साधन बनविले होते : वैमानिककक्षाची प्रतिकृती मालमोटारीवर उंच चौकटीत बसवून ती जमिनीवर फिरविली जाई. चाचणी-वैमानिक जॅक वॉडेल यांच्या नावावरून तिला ‘वॉडेलची गाडी’ असे विनोदाने म्हणत. ज्या विमानाने ९ फेब्रुवारी १९६९ रोजी प्रथम उड्डाण केले, त्याच्या वैमानिकांना अगोदर जमिनीवर चालण्याचे शिक्षण घ्यावे लागले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

डोळ्यावर विसंबण्याचे धोके मुंबईने विशाल विमानांच्या आगमनापूर्वीच पाहिले होते. सांताक्रूझ व जुहू येथील विमानतळ एकमेकांना लागून आहेत आणि त्यांच्या प्रमुख धावपट्ट्यांच्या दिशाही जवळजवळ सारख्या आहेत. जुलै १९५३ मध्ये एक ब्रिटिश कॉमेट जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. सप्टेंबर १९७२ मध्ये एका जपानी डीसी-८ विमानाच्या बाबतीत तीच चूक घडली. ते विमान धावपट्टीबाहेर गेले आणि निकामी झाले. दोन्ही प्रसंगी डोळ्याने पाहिलेली धावपट्टी खरीच होती; फक्त ती दुसऱ्या नावाची होती.

४. शेवटचे दहा मीटर

अवतरणाचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे चाके टेकण्यापूर्वीचे काही सेकंद. सेकंदाला ७१ मीटर वेगाने तीन अंशांच्या वाटेवर येणारे विमान दर सेकंदाला सुमारे ३.७ मीटर खाली उतरत असते. आंतरराष्ट्रीय व्यवहारात मान्य असलेल्या रचनानियमांनुसार चाकांचा सांगाडा, उतरण्याच्या कमाल वजनाला, सेकंदाला दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर वेगाचा आघात सोसेल इतका बळकट असावा लागतो. या दोन अंकांची तुलना केल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. खाली येण्याची गती शेवटी कमी केली नाही, तर आघात रचनेच्या मर्यादेपलीकडे जातो. ती कमी करण्यासाठी वैमानिक नाक किंचित वर घेतो. या क्रियेला व्यवसायात ‘फ्लेअर’ असे म्हणतात. हळुवार टेकणे हा प्रवाशांना वाटतो तसा केवळ कौशल्याचा अलंकार नसून ती रचनेची अट आहे.

७४७ मध्ये चाके जमिनीपासून सुमारे तीस फूट, म्हणजे नऊ मीटर, उंच असताना ही क्रिया सुरू करतात. यात निसर्गाचेही थोडे साह्य होते. पंखांची रुंदी ६० मीटर असलेले विमान जमिनीच्या अगदी निकट आले, की पंखांखालील हवेला मोकळेपणी खाली व बाजूला वळता येत नाही आणि विमानाला एक प्रकारची गादी मिळाल्यासारखे होते. हा भूप्रभाव पंखांच्या विस्ताराशी निगडित असल्यामुळे मोठ्या विमानाला तो अधिक उंचीपासून जाणवतो. मात्र त्यावर फार विसंबल्यास विमान तरंगत पुढे जाते आणि धावपट्टीचे शेकडो मीटर वाया जातात. नाक फार वर घेतल्यास लांब शेपटाचा खालचा भाग जमिनीला घासण्याचे भय असते. बाजूने वारा असताना पंख झुकवून तोल साधण्याची जी युक्ती लहान विमानात चालते, तिलाही येथे मर्यादा पडते. कारण पंखांखाली लटकलेली बाहेरची इंजिने थोड्या अंशांच्या झुकावानेही जमिनीस लागतात.

५. विलंब

विशाल विमानाच्या वागणुकीचे मुख्य लक्षण एका शब्दात सांगावयाचे तर तो शब्द ‘विलंब’ हा होय. दांड्याला दिलेला इशारा आणि विमानाच्या मार्गातील बदल यांच्यामध्ये वेळ जातो. जलशक्तीवर चालणारी यंत्रे किंवा ए-३८० मधील विद्युत्-संकेतांची प्रणाली हाताला लागणारे बळ कमी करते, परंतु वस्तुमानाचे जडत्व नाहीसे करू शकत नाही. इंजिनांचेही तसेच आहे. मंद गतीवर फिरणाऱ्या जेट इंजिनाला पूर्ण जोर धरण्यास काही सेकंद लागतात. उतरणे रद्द करून पुन्हा वर चढण्याची क्षमता मोजताना, नियंत्रणदांडा पुढे ढकलल्यापासून आठ सेकंदांनी मिळणारा जोर हिशेबात धरावा, असा नियम आहे. या आठ सेकंदांत पूर्वीच्याच गतीने जाणारे विमान सुमारे ५७० मीटर पुढे आणि ३० मीटर खाली गेलेले असते.

यावरून निर्णयाचे स्थान कोठे असले पाहिजे हे कळून येते. चूक दिसल्यावर ती दुरुस्त करण्यास येथे अवकाश नाही. चूक घडण्यापूर्वीच तिची चिन्हे ओळखावी लागतात. म्हणून जमिनीपासून एक हजार फुटांवर असतानाच विमानाचा वेग, उतार, दिशा, फ्लॅप व इंजिनाचा जोर हे सारे नेमस्त झालेले असावे, नसल्यास उतरण्याचा बेत सोडून द्यावा, अशी शिस्त बहुतेक विमानकंपन्यांनी घालून दिलेली आहे.

चाके टेकल्यानंतरही काम संपत नाही. ३९० टन वजन आणि सेकंदाला ७१ मीटर वेग यांत साठलेली ऊर्जा सुमारे ९८ कोटी ज्यूल भरते. ही सुमारे २७० युनिट विजेइतकी ऊर्जा झाली. एका मध्यमवर्गीय घराला ती दोन महिने पुरेल. विमानाला ती मिनिटाच्या आत नाहीशी करावयाची असते. प्रथम पंखांवरील पट्ट्या उभ्या राहून उचल मोडतात व सारा भार चाकांवर टाकतात. मग ब्रेक आपले काम करतात. ए-३८० च्या २२ चाकांपैकी १६ चाकांना ब्रेक आहेत. इंजिनाचा झोत उलट फिरविण्याची सोय मात्र चारपैकी आतल्या दोनच इंजिनांना ठेवलेली आहे. बाहेरची इंजिने विमानाच्या मध्यरेषेपासून पंचवीस मीटरांहून दूर आहेत. नागपूरसारख्या ४५ मीटर रुंदीच्या धावपट्टीवर ती कडेच्या बाहेर लोंबतील आणि त्यांचा झोत माती-खडे उधळील.

६. अंकांचा उच्चार

इंद्रिये अपुरी पडतात, विलंब मोठा आहे आणि निर्णय आगाऊ घ्यावयाचा आहे, अशा स्थितीत वैमानिकाला आधार कशाचा? येथेच यंत्राला वाचा फुटते. रेडिओ उंचीमापक जमिनीकडे लहरी पाठवून त्यांच्या परतीच्या काळावरून अंतर मोजतो. त्याची जुळणी डोळ्याच्या किंवा विमानाच्या पोटाच्या उंचीला धरून केलेली नसते. उतरण्याच्या स्थितीत मुख्य चाके जमिनीला लागतील तेव्हा तो शून्य दाखवितो. म्हणजे वैमानिकाच्या डोळ्याने गमावलेले चाकांचे भान हा मापक त्याला परत देतो. हे भान दृश्य स्वरूपात न देता श्राव्य स्वरूपात दिले जाते, कारण त्या क्षणी डोळे बाहेर गुंतलेले असतात. ‘फिफ्टी, फॉर्टी, थर्टी, ट्वेंटी, टेन’ असे फुटांचे अंक एक यांत्रिक आवाज उच्चारीत जातो.

भाषेच्या दृष्टीने हा उच्चार अत्यंत लक्षणीय आहे. वरवर पाहता प्रत्येक शब्दाचा अर्थ एक उंची एवढाच आहे. परंतु अनुभवी वैमानिक अंकांपेक्षा त्यांच्यामधील विराम ऐकतो. सेकंदाला ३.७ मीटर या गतीने दहा फूट उतरण्यास सुमारे आठ दशांश सेकंद लागतात. नाक वर घेतल्यानंतर ‘थर्टी’ व ‘ट्वेंटी’ यांमधील आणि ‘ट्वेंटी’ व ‘टेन’ यांमधील अवकाश वाढू लागला, तर विमान नीट सावरले आहे. अंक एकमेकांवर आदळू लागले, तर आघात कठोर होणार. शब्द तेच, क्रम तोच. अर्थ मात्र लयीत साठविलेला. बोलण्यातील विराम हा अर्थाचा केवळ पोषक नसून स्वतंत्र वाहक असू शकतो, याचे इतके शुद्ध उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल.

एअरबसच्या विमानांत या अंकांच्या जोडीला ‘रिटार्ड’ असा एक शब्द येतो. इंजिनाचा जोर पूर्ण कमी करावा, असा त्याचा आशय. व्याकरणदृष्ट्या हे आज्ञार्थी रूप आहे. व्यवहारात मात्र ती आज्ञा नसून स्मरण देणे होय, कारण निर्णय वैमानिकाचाच असतो. यंत्राने मनुष्याला आज्ञार्थात संबोधावे आणि मनुष्याने ते सूचनेच्या अर्थाने घ्यावे, असा हा अलिखित करार आहे.

आकारमान तर विमानाच्या नावातही शिरले आहे. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे जोरदार भोवरे मागे उरतात व पाठोपाठ येणाऱ्या लहान विमानाला उलथवू शकतात. म्हणून १३६ टन किंवा अधिक वजनाची विमाने नियंत्रकाशी प्रथम बोलताना आपल्या संज्ञेला ‘हेवी’ हा शब्द जोडतात. ए-३८० साठी ‘सुपर’ हा वेगळा शब्द योजिला गेला. ‘हेवी’च्या मागे येणाऱ्या मध्यम विमानाने पाच सागरी मैल अंतर राखावयाचे, ‘सुपर’च्या मागे सात, म्हणजे सुमारे तेरा किलोमीटर. २०१४ मध्ये मुंबईच्या विमानतळावर ए-३८० विमानांची नियमित ये-जा सुरू झाली, तेव्हा या एका विशेषणाने तेथील आकाशातील अंतरांची वाटणी बदलली. विशेषण हे नामाची शोभा वाढविते, असे शाळेत शिकवितात. येथे ते नामाभोवतीची रिकामी जागा ठरविते.

७. शब्दाची कसोटी

अंक व शब्द यांवर इतका भार टाकल्यानंतर, ते डळमळले तर काय होते, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर मुंबईच्या समुद्राने एकदा दिलेले आहे. त्या प्रसंगी विमान उतरत नव्हते, चढत होते; परंतु विशाल विमान हाताळण्यासंबंधीचा त्याचा धडा दोन्हींना सारखाच लागू आहे.

एअर इंडियाचे पहिले ७४७ विमान ‘एम्परर अशोक’ १९७१ मध्ये मुंबईस आले. १ जानेवारी १९७८ च्या रात्री हेच विमान दुबईकडे जाण्यास निघाले आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळले. १९० प्रवासी व २३ कर्मचारी, असे सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. उड्डाणानंतर विमानाने उजवीकडे एक साधे वळण घेतले व पंख पुन्हा समतल झाले. पण मुख्य वैमानिकासमोरील कृत्रिम क्षितिज विमान अद्याप उजवीकडेच झुकले असल्याचे दाखवीत राहिले. समोर अंधारा समुद्र होता, दिव्यांची रेषा मागे राहिली होती, आणि इतक्या मोठ्या विमानाचे संथ झुकणे शरीराच्या तोलाला कळत नाही. त्याने यंत्रावर विश्वास ठेवून विमान डावीकडे वळविले आणि ते डावीकडे कलंडत गेले.

कक्षातील ध्वनिमुद्रणातून उपलब्ध झालेला संवाद भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम ध्यानात घेण्याजोगा आहे. मुख्य वैमानिकाने आपल्या यंत्राविषयी शंका बोलून दाखविली. सहवैमानिकाने उत्तर दिले, त्याचा आशय ‘माझेही उलटले आहे’ असा होता. वस्तुतः दोघांसमोरची चित्रे भिन्न असली पाहिजेत. एकाचे यंत्र उजवा झुकाव दाखवीत अडकले होते. दुसऱ्याचे, बहुधा सुस्थितीत असलेले, खराखुरा डावा झुकाव दाखवीत होते. तरीही दोन्हींना एकच क्रियापद लावले गेले आणि ‘ही’ या अर्थाच्या अव्ययाने ती दोन्ही सारखीच असल्याचे विधान झाले. एक यंत्र खोटे व दुसरे खरे, ही तुलनेतूनच कळणारी गोष्ट त्या एका अव्ययाने झाकली गेली. आघातापूर्वी सुमारे पाच सेकंद आधी विमान-अभियंत्याने ‘नाही, याच्यावर चला’ अशा आशयाचे शब्द उच्चारले. त्याला यंत्रांतील तफावत दिसली असावी, असा त्याचा अर्थ लावला गेला. पण ‘याच्यावर’ म्हणजे कशावर, हे दर्शक सर्वनाम बोटाच्या इशाऱ्यावाचून अपुरे होते, आणि पाच सेकंदांचा अवधी विमानाच्या विलंबापेक्षाही तोकडा होता. चौकशीत ठपका आला तो बिघडलेल्या यंत्रामुळे विमानाच्या स्थितीचे भान सुटून मुख्य वैमानिकाने केलेल्या हालचालींवर, आणि इतर यंत्रांच्या आधारे विमान सावरले न जाण्यावर. भाषा हे कारण म्हणून नोंदले गेले नाही. तसे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु तीन यंत्रे आणि तीन माणसे हाताशी असताना सत्य एकाकडून दुसऱ्याकडे पोचू शकले नाही, हे नाकारता येत नाही.

याच्या नऊ महिने आधी, २७ मार्च १९७७ रोजी, टेनेरीफ बेटावर दोन ७४७ विमानांची धावपट्टीवरच टक्कर होऊन ५८३ माणसे दगावली होती. तेथेही ‘आम्ही आता टेक-ऑफवर आहोत’ अशा आशयाचे एक संदिग्ध वाक्य मध्ये आले. बोलणाऱ्याला उड्डाण सुरू झाल्याचे सांगावयाचे होते. ऐकणाऱ्याला विमान उड्डाणाच्या जागी थांबले आहे असे वाटले. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना, घेताना किंवा रद्द करतानाच उच्चारावा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणावे, असा दंडक रूढ झाला. एका शब्दाच्या वापराचे क्षेत्र जाणूनबुजून संकुचित करून त्याची संदिग्धता काढून टाकण्याचा हा उपाय भाषेच्या इतिहासात अपूर्व म्हणावा लागेल. पुढे वैमानिकांच्या शिक्षणातही बदल झाला. जो विमान चालवीत नाही त्याने केवळ सहमती न दर्शविता आपल्या यंत्रावर दिसणारी गोष्ट नेमक्या ठराविक शब्दांत सांगावी, यावर भर दिला जाऊ लागला. झुकाव मर्यादेबाहेर गेल्यास आज पुष्कळ विमानांत यंत्र स्वतःच ‘बँक अँगल’ असे बोलते. त्यात ‘माझे’ नाही, ‘ही’ नाही, ‘याच्यावर’ नाही. केवळ वस्तुस्थितीचे नाव आहे.

८. उपसंहार

शेवटचे ए-३८० २०२१ मध्ये आणि शेवटचे ७४७ जानेवारी २०२३ मध्ये ग्राहकाच्या स्वाधीन झाले. चार इंजिनांच्या या विशाल विमानांचे उत्पादन थांबले असले, तरी दोन इंजिनांची लांब विमाने त्यांच्या जागी आली आहेत, आणि वर वर्णिलेली भूमिती व विलंब त्यांनाही चुकलेले नाहीत.

या विवेचनातून भाषेच्या अभ्यासकाच्या पदरी काय पडते? दैनंदिन भाषेत संदिग्धता हा दोष नसून पुष्कळदा सोय असते. ऐकणारा समोर असतो, प्रसंग दिसत असतो, चूक झाल्यास पुन्हा विचारता येते. ‘मीही’, ‘हेच’, ‘तिकडे’ हे शब्द या तीन आधारांवरच उभे आहेत. विशाल विमानात तिन्ही आधार एकाच वेळी काढून घेतले जातात : दोघांसमोरचे दृश्य एक नसते, प्रसंग इंद्रियांना कळत नाही आणि पुन्हा विचारण्यास वेळ उरत नाही. मग दर्शक सर्वनाम, समावेशक अव्यय आणि अनेकार्थी क्रियापद, हे भाषेचे सर्वांत सुलभ अवयव सर्वांत आधी निकामी होतात. टिकतो तो अंक, आणि एकच अर्थ वाहणारा शब्द. भाषा कोणत्या आधारावर चालते हे तो आधार नाहीसा झाल्यावर कळते, आणि या दृष्टीने वैमानिककक्षातील संवाद ही अर्थविचाराची एक स्वाभाविक प्रयोगशाळा आहे. शस्त्रक्रियागृह, वीजकेंद्राचा नियंत्रणकक्ष, रेल्वेचे सिग्नल-केबिन अशी अन्य ठिकाणे मराठी बोलणाऱ्यांच्या नित्य व्यवहारात आहेत. तेथे ‘ही’, ‘तोच’, ‘झाले’, ‘सोडले’ हे शब्द कोणत्या अर्थाने उच्चारले जातात आणि कोणत्या अर्थाने ऐकले जातात, याची पद्धतशीर नोंद पदव्युत्तर अभ्यासकांनी करणे अगत्याचे आहे. अशा नोंदीचा उपयोग ग्रंथालयापुरता मर्यादित राहणार नाही.